पाठ पुढे, धार मागे

१

आमच्या घरातली सुरी टोमॅटो कापत नसे, चिरडत असे. साल दबायची, पाणी पाटावर पसरायचं आणि मग कुठे पातं आत जायचं. पूर्वी रस्त्यावरून धारवाला ओरडत जायचा, तो यायचा बंद झाला. आमचे हे म्हणाले, "नवी घेऊ की." नवी घेऊ हे ह्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे. मी अजून जुनीच कशी चालते, हे त्यांनाच विचारायला हवं. मी मात्र दुकानातून एक दगड आणला, एका बाजूने खरखरीत, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत, आणि ठरवलं की ही विद्या आता घरीच शिकायची.

मी शिवणाचे वर्ग घेते. अर्धं आयुष्य त्यात गेलं, त्यामुळे हाताने काम आणि तोंडाने सूचना अशी सवय जडली आहे. एकटी असले तरी माझं तोंड चालूच असतं. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभी राहून मी दगड भिजवायचे आणि सुरू व्हायचे. "दगड ओला हवा. सुरी आडवी ठेवायची, पाठ जराशी उचललेली. एकाच बाजूने घासत राहायचं. आता पलीकडच्या बाजूला बोट लावून बघ. बारीकशी दुमड आली? आली की मगच सुरी उलटायची."

दगडानंतर पट्टा. ह्यांचा जुना कातडी पट्टा, जो आता ह्यांच्या पोटाला पुरत नाही, तो मी स्वयंपाकघराच्या चौकटीतल्या खिळ्याला अडकवला. एका हाताने ताणून धरायचा, दुसऱ्या हाताने त्यावर सुरी फिरवायची. "इथे सगळं दगडाच्या उलट. पाठ पुढे, धार मागे. धार पुढे केलीस की पट्टा कापलास." मग परीक्षा. "आधी कागद. मग हातावरचे केस. मग टोमॅटो. टोमॅटोवर दाबायचं नाही हं, नुसती टेकवायची. साल आपण होऊन उघडली की सुरी कामाला तयार."

"कुणाशी बोलतेस गं?" हे बाहेरच्या खोलीतून ओरडायचे.

"विद्यार्थ्यांशी."

"हजेरी घेतलीस का?"

असे आमचे विनोद. ते टेबल मागच्या भिंतीपासून थोडं पुढे आहे. मधल्या फटीत केरसुणी राहते, खुर्ची काही मावत नाही. मी अलीकडे उभी, तोंड भिंतीकडे. त्या दिवसांत टेबलाचा कोपरा माझ्या कमरेला लागायला लागला. बघितलं तर टेबल आपल्या जागेवरून पुढे आलेलं असायचं. मी ते पोटाने ढकलून मागे सारायचे आणि मनात म्हणायचे, झाडताना सरकवतात आणि परत लावत नाहीत. मी हे ज्यांच्याबद्दल म्हणायचे त्या म्हणजे माझ्या नणंदबाई, वन्सं.

२

पहिला पट्टा मी स्वतःच खराब केला होता हे मान्य. सुरी उलटवताना धार आधी टेकली आणि कातड्यावर काप पडले. तसे ते नवशिक्याचे पडतातच. हात बसल्यावर मी ह्यांचा दुसरा पट्टा काढला. "तोही पुरत नाही," असं मी ठरवलं, ह्यांनी नाही. त्या दुसऱ्या पट्ट्यावर माझ्या हातून एकही काप पडला नव्हता. आता मला सुरी न बघताही उलटवता येत होती.

एका सकाळी पट्टा हातात घेतला तर कडेला काप.

एखादाच असता तर मी सोडून दिलं असतं. तीन-चार होते, आखूड, एकाखाली एक, आणि प्रत्येक काप नेमका सुरी उलटवण्याच्या जागी. ही चूक मी ओळखते. नव्या मुली कात्री वळवताना अशाच अडखळतात. कापडाचा तुकडा हातात दिलात तर कुणी कापलाय हे मी नाव न विचारता सांगेन.

म्हणजे घरात कुणीतरी माझी सुरी घेऊन शिकत होतं. त्यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. वाईट काही नाही, पण सांगितलं का नाही? मला चोरूनमारून केलेलं काही खपत नाही. डब्यातली बिस्किटं कमी झाली तरी मला कळतं. हे म्हणतात माझ्या डोक्यात पोलीस चौकी आहे, आणि ती कधी बंद नसते.

ह्यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता. ह्यांना केळं सोलायचं म्हणजे दोन्ही हात लागतात.

उरल्या वन्सं.

३

वन्सं ह्यांच्यापेक्षा मोठ्या. लग्न केलं नाही, टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाल्या. भाड्याची खोली मालकाने विकली तेव्हा हे म्हणाले, "ताई, इथेच ये." मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलंच असतं, पण विचारलं नाही ही गोष्ट वेगळी. मागची खोली त्यांना दिली. त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती हे मला माहीत होतं आणि मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे आम्ही एकमेकींशी फार गोड बोलायचो.

आणि त्या डावखुऱ्या.

पट्टा मी खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. उजव्या हाताने सुरी उलटवताना चुकलं तर काप उजव्या कडेला पडतो, माझ्या पहिल्या पट्ट्यावर तसेच होते. हे डाव्या कडेला होते. दगड उलटून बघितला. त्यावर माझे ओरखडे एकीकडे झुकलेले, त्यांवरून नवे, दुसरीकडे झुकलेले. मला अगदी बरं वाटलं. संशय खरा ठरला की माणसाला बरंच वाटतं, उगीच कशाला खोटं बोला.

आता पुरावा हवा होता. धार तपासणाऱ्याचा हात लपत नाही. माझ्या डाव्या हातावर मनगटाच्या वर एक बोडका डाग झाला होता, कारण मी रोज तिथले केस काढून धार बघायचे. डावखुऱ्या माणसाचा डाग उजव्या हातावर असणार. पण वन्सं सदा लांब बाह्यांत. उकाड्यातही. मी म्हटलं, "वन्सं, उकडत नाही का?" त्या म्हणाल्या, "सवय गं." टेलिफोनवर बोलायच्या तशा अगदी मऊ आवाजात.

एका दुपारी त्या मोरीत कपडे चोळत होत्या, बाह्या वर केलेल्या. मी टॉवेल न्यायच्या निमित्ताने गेले आणि दोन्ही हात बघून घेतले. दोन्ही हातांवर लव जशीच्या तशी होती.

शहाण्या बाईने इथे थांबायला हवं होतं. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न आला की मग ह्या धार तपासतात कशावर?

त्याच सुमारास त्यांनी अंबाडा घालायचं सोडून दिलं होतं. सतत वेणी, तीही सैल, मानेवर दाबून बसवलेली. मी बघितलं की त्यांचा हात मागे जायचा आणि त्या वेणी सारखी करायच्या. मी तेही लक्षात ठेवलं.

४

सुरी मात्र सुंदर होत चालली होती.

हे बोलायला मला लाज वाटते, पण मी लावलेली धार आणि सकाळी हाताला लागणारी धार यांत फरक पडायला लागला होता. आधी ती माझ्यापेक्षा वाईट असायची, कुठे बोथट, कुठे खरबरीत. मग माझ्यासारखी झाली. आणि मग एक दिवस मी कागद उभा धरला, सुरी टेकवली आणि कागद आवाज न करता दोन झाला. माझ्या हातून तसं एकदाही झालेलं नव्हतं. पट्ट्यावर नवे काप पडणंही थांबलं होतं. शिकणाऱ्याचा हात बसला होता.

मला राग आला. माझ्याच घरात, माझ्याच सुरीवर, माझ्यापेक्षा चांगलं!

त्यानंतर सुरी जागेवर सापडेना. सकाळी नसायची, चहा होईपर्यंत परत यायची. एक दिवस ती आलीच नाही. वन्सं बाजारात गेल्या तेव्हा मी त्यांच्या खोलीत शिरले. चादर बदलायची होती, असं मी स्वतःला सांगितलं. उशी उचलली. खाली रुमालात गुंडाळलेली सुरी होती.

त्या परत आल्या तेव्हा मी बाहेरच्या खोलीत सुरी समोर ठेवून बसले होते. ह्यांनाही बसवलं होतं.

"वन्सं, ही तुमच्या उशीखाली काय करत होती?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. घाबरल्या नाहीत, याचा मला जास्त राग आला.

"मीच ठेवली. रोज झोपताना घेऊन जाते."

"का?"

"तुझ्या हाताला लागू नये म्हणून."

"माझ्या? सुरी माझी आहे!"

त्यांनी ह्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग पाठ फिरवली आणि वेणी हाताने वर उचलली. मानेमागे, केस सुरू होतात तिथे, नाण्याएवढी जागा बोडकी होती. अगदी गुळगुळीत. ना ओरखडा, ना लाली.

"हे तू केलंस," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मी झोपले असताना. एकदा नाही, पुन्हापुन्हा. केस जरा वाढले की परत. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, तिला मी नको आहे, ठीक आहे. पण भावाचं घर माझ्यामुळे मोडायला नको."

मला वाटलं, काय ही बाई! पकडली गेली तर उलटा माझ्यावरच डाव.

"स्वतःच कापलंत आणि माझ्यावर ढकलता?"

"मानेमागचं स्वतःला कापता येतं का गं?"

"तुम्हाला डाव्या हाताने काय वाटेल ते जमतं!"

हे मध्ये पडले. मध्ये पडले म्हणजे खाली फरशीकडे बघत म्हणाले, "ताई, थोडे दिवस तुझ्या त्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे राहून येतेस का? जरा सगळं शांत होऊ दे."

वन्संनी वेणी खाली सोडली. "येते की," म्हणाल्या. तासाभरात त्या गेल्या. जाताना त्यांनी मला आत डोकावून सांगितलं, "दूध उतू जाईल, गॅस बारीक कर." खरंच जात होतं.

५

घर शांत झालं आणि मी जिंकले. सुरी मी बाहेरच्या खोलीतल्या शिवणयंत्राच्या खणात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. धार लावणं बंद. पट्टा तेवढा खिळ्यावर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले आणि टेबलाचा कोपरा कमरेला लागला.

मी उभी राहिले. झाडायला आता मीच होते, आणि मी काल झाडलं नव्हतं. फरशी तिरकी असेल, असं म्हटलं. मी वर्गातली फूटपट्टी घेऊन यावी आणि मोजावं इतपत माझं डोकं ठिकाणावर होतं, पण मोजून काय करणार? मी टेबल मागे सारलं. या वेळी ते पुरतं मागे गेलं नाही. फटीत काहीतरी अडकलं होतं.

केरसुणी काढली. खाली वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग होता. हातात घेऊन मी त्या एकेक सोडवल्या. अगदी तळाच्या फाटलेल्या, कडा कुरतडल्यासारख्या. त्यावरच्या वेड्यावाकड्या, पण कापलेल्या. त्यावरच्या सरळ. सगळ्यांत वरच्या दोऱ्याएवढ्या बारीक, सगळ्या एका रुंदीच्या. पहिल्या दिवशीच्या मुलीपासून परीक्षेला बसणाऱ्या मुलीपर्यंतचा सगळा सराव एका ढिगात मला दिसत होता.

वरची पट्टी मी उजेडात धरली. त्यावर जी बातमी होती ती हे सकाळीच चहा पिताना मोठ्याने वाचत होते.

वन्सं कालच गेल्या होत्या. किल्ली माझ्या गळ्यात होती.

मग माझा मोर्चा ह्यांच्याकडे वळला. दुसरं कोण होतं? दिवसभर मी त्यांना पाहत राहिले. त्यांनी पावाला लोणी लावलं ते चमच्याच्या दांड्याने. मी म्हटलं, सोंग असेल. त्यांनी पाकीट फोडताना दात वापरले. मी म्हटलं, तेही सोंग असेल. शेवटी ते म्हणाले, "अगं, माझ्या तोंडाला काही लागलंय का? सकाळपासून बघतेस."

"काही नाही."

"मग अशी बघू नकोस. भीती वाटते."

हसत म्हणाले, पण त्यांची नजर माझ्या हातावरच्या बोडक्या डागावर गेली आणि तिथेच जरा जास्त वेळ राहिली.

६

दोन-तीन दिवसांनी वर्गात एक नवी बाई आली. बँकेतून निवृत्त झालेली, हौशी. तिला मी गळपट्टीची शिलाई दाखवत होते. मी करत होते, ती टेबलापलीकडे बसून बघत होती आणि स्वतःच्या तुकड्यावर करत होती. काम झाल्यावर ती उठून माझ्याकडे घेऊन आली. माझ्या वर्गाचा नियमच आहे तो: काम झालं की जागेवरून ओरडायचं नाही, उठून बाईंना आणून दाखवायचं.

"बघा बाई, अगदी तुमच्यासारखंच केलं."

तुकडा बघितला. टाके छान होते, पण सगळे उलटे. सुई डावीकडून घातलेली, दुमड भलत्या बाजूला.

"तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"नाही हो."

"मग माझ्या समोर बसू नका, शेजारी बसा," मी म्हटलं. "समोर बसून शिकलं की उजव्याचं डावं होतं."

हे वाक्य मी इतक्या जणींना सांगितलं आहे की ते माझ्या तोंडून आपोआप येतं. तसंच आलं. आणि ते माझ्या कानांवर पडल्यावर माझ्या हातातला तुकडा खाली पडला.

सुरीवर शिकणारं डावखुरं नव्हतंच. कुणीतरी समोर उभं राहून शिकलं होतं.

मी टेबलाच्या अलीकडे असायचे, तोंड भिंतीकडे. माझ्या समोर टेबल, टेबलापलीकडे केरसुणीची फट आणि मग भिंत. तिथे बघत मी रोज, मोठ्याने, शिकवत होते. पाठ पुढे, धार मागे. आधी कागद, मग केस. कोण बघतंय हे न बघता सगळं सांगत होते. आणि त्या फटीत उभं राहायला जागा हवी म्हणून टेबल रोज थोडं पुढे येत होतं.

हे सगळं वेड्यासारखं आहे हे मला कळत होतं. मी स्वतःला दोन-तीन चांगली कारणं दिली, एकही टिकलं नाही. वर्ग तसाच सोडून मी निघाले, ती वन्संच्या मैत्रिणीच्या दारात जाऊन थांबले.

७

वन्सं खिडकीशी बसून काहीतरी उसवत होत्या. मैत्रीण दुकानात गेली होती. मला बघून त्या उभ्या राहिल्या. कुणाच्या घरात पाहुणं असलेलं माणूस जसं चटकन उभं राहतं, तशा. मला रडू आलं.

"वन्सं, मी तुमच्यावर आळ घेतला. तुम्ही काही केलं नव्हतं. मला माफ करा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि तू?"

"मीही नाही. तुमच्या पायाची शपथ."

मी त्यांना फटीतल्या कागदांचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं, समोर बसण्याचं सांगितलं. माझाच आवाज मला खोटा वाटत होता. शेवटी त्यांनी वेणी बाजूला केली आणि म्हणाल्या, "इथे आल्यापासून केस वाढायला लागलेत. हात लावून बघ."

मी बोट लावलं. बारीक खुंट लागले.

"म्हणजे तिथेच आहे ते," त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "घरी आत्ता कोण आहे?"

"हे. जेवून झोपले असतील. रोज झोपतात."

आम्ही दोघी एकदमच दाराकडे वळलो. त्यांनी चपला उलट्यासुलट्या घातल्या, बदलायला थांबल्या नाहीत. रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. इतक्या दिवसांत आम्ही एकमेकींना कधी हात लावला नव्हता.

८

आमच्या घराचं दार उघडलं की आधी बोळ लागतो, उजवीकडे स्वयंपाकघर, पुढे बाहेरची खोली. बाहेरची म्हणतो, पण आहे आतल्या बाजूला. दारातून आत यायचं किंवा बाहेर जायचं तर स्वयंपाकघरावरून जावंच लागतं. आम्ही त्यावरून गेलो. मी आत नजर टाकली. टेबलावर एक टोमॅटो ठेवला होता, लाल, अख्खा. मी ठेवला नव्हता. काय झालं मला, मी आत जाऊन तो देठाला धरून उचलला. वरचा अर्धा भाग माझ्या हातात आला. खालचा तसाच बसून राहिला. पाण्याचा एक थेंब सांडलेला नव्हता.

मी तो तसाच ठेवून बाहेरच्या खोलीत पळाले.

हे सोफ्यावर कुशीवर झोपले होते, घोरत होते. त्या घोरण्यावर मी आयुष्यभर चिडत आले, त्या क्षणी मला त्यासारखा गोड आवाज ऐकल्याचं आठवेना. वन्सं त्यांच्या डोक्याशी वाकल्या. त्यांनी मला खुणेने बोलावलं. ह्यांच्या मानेमागे नाण्याएवढी जागा स्वच्छ होती.

हे जागे झाले. आमच्या दोघींचे चेहरे बघून त्यांचा हात आपोआप मानेमागे गेला आणि तिथेच थबकला. मग ते सावकाश उठून बसले. माझा डावा हात, माझ्या गळ्यातली किल्ली, माझं तोंड, सगळीकडे त्यांनी पाहिलं.

"ताई घरात नव्हती," ते म्हणाले. "मग उरलं कोण?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते मला घाबरले होते. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि वन्संना मी हेच म्हटलं होतं. मी यंत्राचा खण उघडला, रुमालात गुंडाळलेली सुरी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "ही बघा. कुलपात होती. पाहिजे तर तुम्ही ठेवा."

"तिच्याकडे असा बघू नकोस," वन्सं म्हणाल्या. "ती नाही."

तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला. सट्. थांबून, सट्.

माझ्या ओळखीचा आवाज. कातड्यावरून पातं वर जातं, उलटतं, खाली येतं. कुठेही अडखळ नाही, घाई नाही. सुरी माझ्या हातात होती. मग तिकडे धार कशाला लागत होती, ते मला माहीत नाही.

आमच्या सोफ्यावरून स्वयंपाकघराची चौकट दिसते, आतलं दिसत नाही. खिळ्यावरचा पट्टा मात्र दिसत होता. तो लोंबत नव्हता. तो खिळ्यापासून आडवा, ताठ, आत टेबलाच्या दिशेने गेलेला होता, कुणीतरी दुसरं टोक धरून ताणल्यासारखा. प्रत्येक आवाजासरशी तो मध्ये किंचित दबायचा आणि परत सरळ व्हायचा.

ह्यांनीही ते पाहिलं. त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला जवळ ओढलं.

"भिंतीला टेका," मी म्हटलं. "दोघंही. माना भिंतीला."

आम्ही तिघं भरदुपारी, उजेडात, पाठी भिंतीला चिकटवून जमिनीवर बसलो. खाली मुलं खेळत होती, कुणीतरी गाडी सुरू करत होतं. वन्संचा एक हात माझ्या हातात होता, दुसऱ्या हाताने त्यांनी भावाला धरलं होतं.

आवाज थांबला. पट्टा सैल झाला आणि खिळ्यावर सरळ लोंबायला लागला.

"संपलं?" हे कुजबुजले. "गेलं का ते?"

कागद झाला होता, केस झाले होते, टोमॅटोही झाला होता. काम झालं की काय करायचं, ते माझ्या वर्गात सगळ्यांना ठाऊक असतं. मी वन्संचा हात सोडवून घेतला आणि पुढे सरकून त्या दोघांच्या समोर बसले. पाठ त्यांच्याकडे, तोंड चौकटीकडे.

"अगं, मागे ये," वन्सं म्हणाल्या.

"नाही वन्सं. ते मलाच दाखवायला आणणार."

स्वयंपाकघरात टेबल फरशीवरून सरकल्याचा आवाज आला. रोज सरकायचं त्यापेक्षा जास्त, एका माणसाला फटीतून बाहेर पडता येईल इतकं.